पांढऱ्या पट्टीची स्टिक

रोटोटुना, हॅमिल्टन
११ ऑगस्ट २०१३

मामा,

ई-मेल का करत नाहीस, असं आई मला विचारते. पाण्याच्या खात्यात आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला रविवारी कागद हवा असतो, असं मी तिला सांगितलं. तुमचंच वाक्य आहे.

तुम्ही आमच्या लीगबद्दल विचारलंत. सहा संघ आहेत, सगळ्या बायका. हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी सामना असतो. आमच्या संघाचं नाव काहिकाटेआ, इथल्या एका झाडावरून. मी पाच वर्षं कर्णधार आहे. ढाल आम्हांला एकदाही मिळालेली नाही.

तुम्हांला आवडेल अशी एक रीत आहे. हंगाम संपला की प्रत्येक संघ दोघींना मोकळं करतो. मार्चमध्ये त्या मोकळ्या झालेल्या आणि गावात नव्याने आलेल्या सगळ्या जणी आपापली स्टिक क्लबच्या लांब टेबलावर ठेवतात. नाव कुणी पुकारत नाही. कर्णधाराने स्टिक उचलायची. जिची स्टिक, ती उठून त्या कर्णधारामागे उभी राहते. तळाचा संघ पहिली उचलतो, ढाल जिंकलेला सहावी. मग दुसरी फेरी.

पुढच्या वर्षी मेरेआना नावाची मुलगी इथे विद्यापीठात येते आहे. अठरा वर्षांची आहे. मी तिला एकदा ऑकलंडमध्ये खेळताना पाहिलं. चेंडू तिच्या स्टिकला चिकटल्यासारखा असतो आणि तिला त्याचं विशेष काही वाटत नाही. ती टेबलावर स्टिक ठेवणार हे सहाही कर्णधारांना माहीत आहे.

आम्ही आज पाचवे आहोत, सात गुण. तळाच्या संघाचे सहा. शेवटचा सामना त्यांच्याशीच आहे.

बाकी ठीक. वॉर्डात ड्यूटी जास्त आहे. सामन्याला मंदाताई माझ्याच गाडीतून येतात. आमची गोलरक्षक, तुम्हांला मागे लिहिलं होतं. दोन गल्ल्या सोडून राहतात, इथल्या औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहेत. वय बावन्न. मिरजेत खो-खो खेळायच्या. हॉकीची स्टिक इथे येऊन चव्वेचाळिसाव्या वर्षी हातात घेतली. त्या चेंडूकडे बघत नाहीत, समोरच्याच्या पायांकडे बघतात. गाडीत बसल्या की आधी हीटर बंद करतात. तरी शनिवारची ती वीस मिनिटं मला आठवडाभर पुरतात.

कांचन


जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
१८ ऑगस्ट २०१३

कांचन,

शुक्रवारी दुपारी जमीन बरीच हलली. कपाटातली दोन भांडी फुटली, मी शाबूत आहे. आईला कळव. मी फोन केला तर ती अर्धा तास रडेल.

तुझ्या पत्रात प्रश्न नव्हता. पण तू गुण लिहिलेस, म्हणजे प्रश्न होता.

उत्तर अमेरिकेतली बर्फावरची हॉकी मी बारा वर्षं बघतो आहे. तिथेही तळाचा संघ नव्या मुलांमधून आधी निवडतो. मी वही ठेवली आहे. चषक जिंकलेला एकेक संघ घेतला आणि मागे मागे गेलो. बऱ्याच जणांकडे असा एखादा खेळाडू सापडला, जो त्यांना वाईट वर्षाच्या बदल्यात मिळाला होता. तिकडे आता चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे तळाला जाऊनही पहिला मान मिळेलच असं नाही. तुमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत. पाचवं येऊन तुला काय मिळेल? काही नाही. सहावं येऊन ती मुलगी मिळेल.

तेव्हा हर.

संघाला सांगू नकोस. सगळ्यांनी मिळून हरायचं ठरवलं की तमाशा होतो. तू सेंटर हाफ आहेस, एकटी पुरेशी आहेस.

मार्चमध्ये दुसऱ्या फेरीला मात्र स्टिक नीट बघून उचल. खडकीच्या बाजारात मी तीन वर्षं स्टिक बांधल्या आहेत. तेव्हा तुतीच्या लाकडाच्या असत, आता फायबर आलं, पण झीज ती झीज. टोकाला झिजली असेल तर ती बाई उलट्या बाजूने खेळते, धीट आहे. मुठीची पट्टी एकाच जागी काळी पडली असेल तर ती हात बदलत नाही, हट्टी आहे. खालची कड खरखरीत असेल तर ती खडबडीत मैदानावर शिकली. असली मिळाली तर सोडू नकोस.

गुरुनाथ


रोटोटुना
१ सप्टेंबर २०१३

मामा,

हरलो. ०–१. आम्ही तळाला आहोत.

त्यांची उजवीकडची एक जण माझ्या बाजूने निघाली. मी मागे राहिले. त्या एका धावेत गोल झाला. कुणाला कळलं नाही. धुकं होतं.

मंदाताईंनी त्याआधी पाच अडवले होते. येताना त्या डेअरीपाशीच उतरल्या. दूध घ्यायचं होतं.

कांचन


जॉन्सनव्हिल
८ सप्टेंबर २०१३

कांचन,

छान. मोजून हरायला जिंकण्यापेक्षा जास्त डोकं लागतं. तुझ्या आजोबांना हे कधी पटलं नसतं, पण ते बुद्धिबळातसुद्धा प्यादं द्यायचे नाहीत.

तू थकलेली वाटतेस. रजा घे. इकडे ये, समुद्र दाखवतो. वारा फुकट आहे.

गुरुनाथ


रोटोटुना
९ मार्च २०१४

मामा,

सहा महिने लिहिलं नाही. तुम्ही तीन पत्रं पाठवलीत. रागावू नका.

काल टेबल मांडलं होतं. एकोणीस स्टिक होत्या. मेरेआनाची निळी, नवी, मधोमध. तिच्या शेजारी एक जुनी, मुठीला पांढरी कापडी पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी औषधाच्या दुकानातली असते, जखमेवर लावायची. हॅमिल्टनमध्ये तशी एकच स्टिक आहे.

मी मंदाताईंना मोकळं केलं नव्हतं. दोन नावं मी दिली होती, त्यांत त्या नव्हत्या. पण कुणी आपण होऊन ठेवली तर अडवता येत नाही.

आता तुम्हांला ते सांगते, जे तेव्हा लिहिलं नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी हीटर बंद केला नाही. नदीवरचा पूल ओलांडल्यावर विचारलं, "ती गेली, की तू जाऊ दिलीस?"

मी म्हटलं, "गेली."

"तुझे पाय थांबले होते."

मग त्या म्हणाल्या, "डेअरीपाशी उतरव, दूध घ्यायचंय." त्यांच्या घरी कुणी दूध पीत नाही. मला माहीत होतं. पुढच्या शनिवारपासून ढालीचे सामने होते. आम्ही बघायला दोन गाड्यांतून गेलो.

मी हरले म्हणून त्यांना लागलं असेल, असं मला हिवाळाभर वाटत होतं. तसं नाही. हरण्याची त्यांना सवय आहे. त्या दिवशी त्यांनी पाच अडवले, आणि त्यातला एकही मला नको होता. हे त्यांना पाठमोऱ्या माझ्या टाचांवरून कळलं.

पहिली पाळी माझी. दोन स्टिक शेजारी शेजारी. खोलीत सगळे निळीकडे बघत होते. मंदाताई चहात साखर ढवळत होत्या.

मी निळी उचलली. मेरेआना "स्वीट अ‍ॅज" म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत झकास, आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. दुसऱ्या फेरीपर्यंत पांढरी राहील असं मला वाटलं होतं. चौथ्या पाळीला रूरू संघाच्या कर्णधाराने उचलली. मंदाताई उठल्या, माझ्यासमोरून जाताना मराठीत म्हणाल्या, "निवड बरोबर केलीस." आजूबाजूला कुणाला कळलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता.

कांचन


जॉन्सनव्हिल
१६ मार्च २०१४

कांचन,

पत्र दोनदा वाचलं.

माझ्या वहीत तुमच्या संघाचं एक पान आहे. त्यात एका रकान्यात लिहिलं आहे: गोलरक्षक, वय ५२. नाव लिहिलेलं नाही. तू प्रत्येक पत्रात लिहीत होतीस.

मुलगी चांगली आहे ना? तिला खेळव.

गुरुनाथ


रोटोटुना
२१ सप्टेंबर २०१४

मामा,

मेरेआनाने तेरा सामन्यांत बावीस गोल केले. मी तिच्या मागे खेळते, म्हणजे मला सगळ्यांत जवळून दिसतं. चेंडू यायच्या आधी ती एकदा खांद्यावरून बघते. पुन्हा बघत नाही. एकदा बघून तिला सगळ्यांच्या जागा पाठ होतात. अशा मुलीशेजारी खेळायला मिळालं, हे मी आयुष्यभर सांगेन. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, पहिल्यांदा.

समोर रूरू. गोलमध्ये मंदाताई.

सत्तर मिनिटांत ०–०. मग एकास एक. खेळाडूने चेंडू घेऊन निघायचं, समोर फक्त गोलरक्षक, आठ सेकंद. आमच्या चार जणी गेल्या. दोघींचे झाले. त्यांचेही दोन झाले होते, आणि आमची शेवटची राहिली होती मेरेआना.

ती डावीकडे गेली, उजवीकडे वळली, थांबली, पुन्हा निघाली. मंदाताई दोन पावलं पुढे आल्या आणि उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत. सगळ्या गोलरक्षक पडतात. आठ सेकंद संपले तेव्हा चेंडू मेरेआनाच्या स्टिकपाशीच होता. तिने मारलाच नव्हता. पुढच्या जोडीत आम्ही हरलो.

नंतर मेरेआना मला म्हणाली की ती बाई माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या बुटांकडे बघत होती. तिने हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. आजीच्या हातचं काही खाल्ल्यावर सांगावं तसं सांगितलं. मग ती धावत जाऊन मंदाताईंना काहीतरी विचारत बसली. अर्धा तास दोघी गवतावर, मंदाताई पॅड काढता काढता पाय कुठे कसे पडतात ते दाखवत होत्या. मी गाडीत बसून बघत होते.

मेरेआना पुढच्या वर्षी डनेडिनला जाते आहे. तिला मोठ्या संघाने बोलावलं आहे. जायलाच हवं.

एका मुलीसाठी एक हिवाळा. आणि मंदाताईंनी आता नवी गाडी घेतली आहे, लाल, हेही कळवते.

कांचन


जॉन्सनव्हिल
५ ऑक्टोबर २०१४

कांचन,

वहीत चूक होती. सापडली.

मी चषक जिंकलेल्या संघांपासून सुरुवात केली आणि मागे गेलो. तळाला गेलेल्या संघांपासून सुरुवात करून पुढे गेलो नाही. या आठवड्यात गेलो. तळाला जाऊन, पहिला मान मिळवून, पुढच्या वर्षी पुन्हा तळाला, आणि पुन्हा. असे इतके निघाले की मी तिसऱ्या पानावर मोजणं सोडलं. पाण्याच्या खात्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला पुराच्या वर्षीच पाऊस मोजलास का म्हणून ओरडलो असतो.

जे जिंकले त्यांना त्या मुलाचा उपयोग झाला, हे खरं. चांगला खेळाडू चांगलाच असतो. पण तो आला तेव्हा त्याच्या मागे कुणीतरी आधीपासून उभं होतं, ज्याला हरायचं शिकवलेलं नव्हतं. ते माझ्या वहीत कुठेच नाही. त्याला रकाना कसा करायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

तू मेरेआनाला आणलंस आणि तिच्या मागची बाई घालवलीस. सल्ला माझा होता. तुझ्या पत्रात एकदाही तसं आलं नाही, म्हणून मी लिहितो.

एक विचारायचं राहिलं. त्या पडल्या नाहीत, असं तू लिहिलंस. मी चार दिवस तेच डोळ्यांसमोर आणतो आहे. खडकीत मी लष्करातले गोलरक्षक पाहिले आहेत, सगळे पडायचे. आठ सेकंद नुसतं उभं राहायचं. वा.

तुझ्या दोन स्टिक पुढच्या मार्चमध्ये पाचव्या आणि अकराव्या पाळीला येतील. कडा बघ.

गुरुनाथ


रोटोटुना
१० सप्टेंबर २०१७

मामा,

ढाल मिळाली.

फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही म्हणाला असता की लिहून पाठव. आता टपालही आठवड्यातून तीनच दिवस येतं, तेव्हा तुम्हांला हे गुरुवारी कळेल. तोपर्यंत आम्ही जिंकलेलो नाही असं समजा.

तुम्हांला नीलांबरी आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी मी पाचव्या पाळीला जिची स्टिक उचलली ती. बाकीच्या चौघींनी त्या स्टिककडे पाहिलंसुद्धा नव्हतं. खालची कड कानशीने घासल्यासारखी होती. कराडजवळच्या शाळेत मुरमाच्या मैदानावर शिकली. इथे दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. बोलत नाही. विचारलं तर हो किंवा नाही. तिच्यासारख्या आणखी तिघी मी कडा बघून घेतल्या. त्यांच्यातली एकही मेरेआना नाही. पण तिसऱ्या वर्षी त्या अजून इथेच आहेत.

मध्ये एकदा, मागच्या वर्षी, आम्ही पुन्हा चौथे-पाचवे होतो आणि टेबलावर एक नाव येणार होतं. त्या वेळी तुम्ही काही लिहिलं नाहीत. मीही विचारलं नाही. शेवटचे दोन्ही सामने जिंकलो आणि ते नाव दुसरीकडे गेलं.

अंतिम सामना रूरूशी. मंदाताई छप्पन्न वर्षांच्या आहेत. उजव्या गुडघ्याला पट्टा असतो. पहिल्या तासात त्यांनी सात अडवले. मी मोजत होते, आणि खरं सांगते, चौथ्याला मी टाळी वाजवली. आमच्याच पोरींनी माझ्याकडे पाहिलं.

पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर. हे आम्ही हिवाळाभर घोटलं होतं. मंदाताई पाय वाचतात, म्हणून पाय हलवायचेच नाहीत. नीलांबरीला मी चिखलात उभं करून पाय जागच्या जागी ठेवायला लावलं होतं. चेंडू आला, तिने थांबवला, आणि नुसत्या मनगटाने लोटला. हळू गेला. मंदाताई शेवटपर्यंत तिच्या बुटांकडे बघत होत्या. त्या बुटांत वाचायला काही नव्हतं.

मग पाच मिनिटं त्यांनी आमच्यावर सगळं आणलं. त्यांची उजवीकडची मुलगी तीनदा निघाली. माझं वय चाळीस आहे, मामा. तिसऱ्या वेळी मला काही दिसत नव्हतं, पण मी तिच्यासोबत आमच्या गोलरेषेपर्यंत गेले आणि चेंडू स्टिकने बाहेर काढला, तेव्हा तिची स्टिक माझ्या पोटरीवर बसली. पोटरी आज जांभळी आहे.

शिट्टी झाल्यावर मंदाताई सगळं मैदान चालत आल्या, पॅड घालूनच. नीलांबरीजवळ थांबल्या, तिचे बूट बघितले आणि हसल्या. मग माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "लांबून बघत होते. आज तुझे पाय थांबले नाहीत."

चार वर्षांत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत असं नाही. दुकानात गेले की औषध देतात, खुशाली विचारतात. पण हे वेगळं होतं. त्या आपल्या गाडीतून गेल्या, मी माझ्या.

कांचन


जॉन्सनव्हिल
१७ सप्टेंबर २०१७

कांचन,

गुरुवारी जिंकलो. दोन घास जास्त जेवलो.

वहीत लिहिलं. पहिलंच नाव लिहिलं ते हरलेल्या गोलरक्षकाचं, पूर्ण. तुला चालेल असं धरून चालतो.

आता मार्चमध्ये तुझी पाळी सगळ्यांत शेवटी. सहा जणींत सहावी. पूर्वी मी याला शिक्षा म्हटलं असतं.

पोटरीला बर्फ लाव. नर्सला सांगायला नको, तरी सांगतो.

गुरुनाथ


रोटोटुना
४ मार्च २०१८

मामा,

आमची गोलरक्षक डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाला गेली. सगळे जातात. तेव्हा काल टेबलापाशी आमची गरज काय आहे ते बाकीच्या पाच कर्णधारांना पाठ होतं.

सतरा स्टिक. कडेला, भिंतीच्या बाजूला, पांढरी पट्टी. नवी गुंडाळलेली. रूरूने त्यांना मोकळं केलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी आपण होऊन ठेवली होती.

मी सहावी. माझ्या आधी पाच हात त्या टेबलावरून जाणार होते, आणि मला अडवायचं असेल तर कुणालाही ती उचलता आली असती. एवढंच करायचं होतं. तळाच्या संघाची ग्लेनिस पहिली. तिने पट्टीवर बोट ठेवलं. मला वाटलं, संपलं. तिने मंदाताईंकडे बघितलं आणि दुसरीच उचलली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी पाळी रूरूची. त्यांची कर्णधार तर टेबलाच्या त्या टोकाकडे गेलीच नाही.

छप्पन्न वर्षांच्या गुडघ्यामुळे कुणाला नको होत्या, की सगळ्यांनी ठरवून ठेवून दिल्या, की मंदाताईंनीच कुणाला काही सांगितलं होतं, मला माहीत नाही. तुम्ही वहीत काही लिहू नका. मी विचारणार नाही.

मी उचलली. कधी हातात घेतली नव्हती. वाटली होती त्यापेक्षा जड आहे. खालची कड तुम्हांला दाखवायला हवी. टोक कोरं आहे, पण मागची बाजू, जिथे चेंडू लागायला नको तिथे, सगळी टवके गेलेली आहे.

त्या उठल्या. चहाचा कप आधी सिंकमध्ये ठेवला, मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. टाळ्या झाल्या. मग माझ्या खांद्यामागून, मराठीत, हळू:

"शनिवारी सव्वाला तयार असेन. हॉर्न वाजवू नकोस. आणि तो हीटर बंद ठेव."

कांचन